सुभेदारांच्या स्टेअरिंगवरची चार बटनं

माझ्यावर कुणाचा म्हणून विश्वास बसला नाही. मालकांचा नाही, शेजारच्या पंक्चरवाल्या इब्राहिमभाईंचा नाही, आणि ज्याला मी सख्ख्या भावासारखा मानते त्या रेडिओवाल्या कांबळ्याचासुद्धा नाही. तिघांनी तीन तऱ्हेनं एकच ऐकवलं, "वहिनी, तुमचाच डाग कच्चा." डाग म्हणजे वायरला वायर जोडताना शिसं वितळवून देतात तो. बारा वर्षं मी डाग देत होते. एकही निघाला नव्हता. पण बाईनं दिलेला डाग म्हटलं की तो आधी कच्चा असतो, मग तपासायचा.

सांगलीत स्टँडच्या मागं आमचं दुकान. गाड्यांना टेप, स्पीकर, एरियल बसवून द्यायचं. दुकानात बिस्किटाचा एक पत्र्याचा डबा आहे. जुन्या टेपचे स्क्रू, क्लिपा, तुटकी बटनं, सगळं त्यात पडतं. फेकायला हात होत नाही, कधीतरी लागेल म्हणून. किस्स्यांचंही तसंच झालंय. आज डबा उपडा करते. तुम्हीच बघा कुणाचा डाग कच्चा होता ते.

*

आधी मालकांविषयी. मालक म्हणजे आमचे हे. नवऱ्याचं नाव घ्यायची आमच्यात पद्धत नाही. लग्नात उखाण्यात घेतलं असेल तेवढंच, तेही बेंजोच्या आवाजात बुडालं.

रेशन कार्ड काढायला गेले तेव्हा साहेब म्हणाला, "नवऱ्याचं नाव सांगा." मी गप्प. साहेबानं दोनदा विचारलं. शेवटी त्याच्या मागं कॅलेंडर होतं, त्यावरच्या देवाकडं बोट केलं. कॅलेंडरवर अख्खं कुटुंब बसलेलं. शंकर, पार्वती, मांडीवर गणपती. साहेबानं मागं वळून बघितलं, त्यातला सगळ्यात मोठा धरला आणि लिहून टाकला.

आठ वर्षं आम्ही शंकररावांच्या कार्डावर साखर आणली. दुरुस्त करायचं तर खरं नाव सांगावं लागलं असतं ना!

*

माझ्या हातात सोल्डरगन आली ती मालकांच्या डोळ्यांमुळं. चाळिशी लागली, जवळचं दिसेना. चष्मा लावायला लाज वाटायची. एकदा त्यांनी वायर समजून स्वतःच्या बनियनच्या दोऱ्याला डाग द्यायला घेतला. पोटाला चटका बसला तेव्हा कळलं.

"आण हिकडं," मी म्हणाले. मी ब्लाउज शिवलेली बाई. सुईत दोरा ओवायचा आणि वायरला वायर लावायची, दोन्हीला नजर आणि न हलणारा हात एवढंच लागतं. पहिला डाग दिला तो मालकांनी ओढून बघितला, दातांनीसुद्धा ओढून बघितला. निघाला नाही. त्या दिवसापासून गिऱ्हाइकाशी बोलायचं मालकांनी आणि काम करायचं मी, अशी वाटणी झाली. गिऱ्हाइकाला मात्र वाटायचं, काम मालक करतात आणि बाई जवळ बसून वायर धरते.

मी कधी बोलले नाही. हातात काम होतं, मला तेवढं पुरे होतं. तेच काम जायची वेळ आली, म्हणून आज तोंड उघडलंय.

*

मालकांची एक रीत. टेप बसवून झाला की गाडी तशीच सोडायची नाही. हळद-कुंकू, अक्षता, नारळ. गिऱ्हाईक घाईत असो, आडवा-तिडवा असो, पूजा झाल्याशिवाय किल्ली हातात मिळत नाही.

एकदा तासगावचा एक बेदाण्याचा व्यापारी नवीकोरी जीप घेऊन आला. टेप बसला, आवाज झकास. मालकांनी नारळ उचलला आणि पुढच्या बंपरवर हाणला. नारळ फुटला. करवंटी उडाली ती हेडलाइटवर. काच फुटली.

व्यापारी शांत माणूस. गाडीभोवती एक फेरी मारली आणि म्हणाला, "मालक, कान दिलासा आणि डोळा काढून घेतलासा."

तेव्हापासून नारळ दुकानाच्या पायरीवर फुटायला लागला. पण पाणी वाया घालवायचं नाही, हा मालकांचा हट्ट. दोन्ही करवंट्या धरून आत जायचं आणि टेपवर, गिअरवर, स्टेअरिंगवर पाण्याचा हात फिरवायचा. "गाडीच्या अंगात देव उतरला पायजे," म्हणायचे.

*

सुभेदार आले ते साताऱ्याकडून. त्यांचा थोरला लेक सिंगापूरला बोटींच्या कारखान्यात. तो कायमचा परत आला तेव्हा येताना वापरलेली गाडी घेऊन आला आणि बापाला देऊन टाकली. जपानी गाडी, क्लच नाही, गिअर आपले आपण पडतात. आणि स्टेअरिंगवर उजव्या अंगठ्याखाली चार बटनं. आवाज वाढवायचं, कमी करायचं, पुढचं गाणं, टेप-रेडिओ. आम्ही तसलं कधी बघितलं नव्हतं. इब्राहिमभाई टायर सोडून बघायला आले. "स्टेअरिंगला बटनं? मग ड्रायव्हर करतो काय?"

गाडीतला टेप कॅसेटी खायला लागला होता. सुभेदारांच्या कीर्तनाच्या तीन कॅसेटींच्या त्यानं शेवया करून टाकल्या होत्या. साताऱ्यातल्या दोन दुकानांनी सांगितलं, नवा टेप बसवतो, पण ही बटनं मरणार. कंपनीची बटनं कंपनीच्या टेपशीच बोलतात.

मालकांनीही तेच सांगितलं. "साहेब, बटनं काय शोभेलाच. हात पुढं केला की टेप हाय."

सुभेदारांनी डावा हात खिशातून काढला. तीन बोटं नव्हती. लष्करातच गेलेली. "ह्या हातानं आता फक्त टाटा करता येतं," ते म्हणाले. "टेपला हात लावायचा तर उजवा सोडावा लागतो. उजवा सुटला की गाडी सुटली. बटनं राहत असली तर टेप बसवा, न्हाईतर जातो मी."

मालक म्हणाले, "मग न्हाई जमायचं."

मी आतून म्हणाले, "जमंल."

*

मी स्टेअरिंगखालचं झाकण काढून बघितलं होतं. बटनं चार, पण तिथून येणाऱ्या वायरी दोनच. मला चैन पडेना. चार बटनांचा निरोप दोन वायरींतून जातो कसा?

मीटर लावला. आमचा मीटर काट्याचा, जुना. एक बटन दाबलं, काटा थोडा हलून थांबला. दुसरं दाबलं, जरा पुढं जाऊन थांबला. तिसऱ्याला आणखी पुढं, चौथ्याला त्याच्याही पुढं. काहीच दाबलं नाही की काटा जागचा हलत नाही. मी चारदा करून बघितलं. दर वेळी त्याच जागी.

"हे तागडीसारखं हाय," मी मालकांना म्हणाले. "पारडं एकच, वजनं येगळी. पावशेर ठेवलं की आवाज वाढव, अर्धा शेर ठेवला की कमी कर. टेपला नुसतं वजन कळतं."

मालक म्हणाले, "अगं, जपानी गाडी हाय ती. तुझी चौथी कुठं आणि ती कुठं!"

"जपानी असली म्हणून काय झालं? वायरला टोकं दोनच असत्यात."

मी काट्याच्या चारही जागा कागदावर पेन्सिलीनं मांडल्या आणि कांबळ्याकडं गेले. कांबळे म्हणजे रेडिओ दुरुस्तीतला वाघ. टेबलावर उघडे रेडिओ, वर भिंतीला निळ्या चौकटीत बाबासाहेब. कागद त्यानं उलटा धरला, सुलटा धरला.

"वहिनी, हे मोजलंय का मनानं काढलंय?"

"मनानं मी रांगोळी काढते."

तो हसला नाही. कागद घेऊन आत गेला आणि तीन दिवस बाहेर आला नाही. चौथ्या दिवशी काड्यापेटीएवढी एक डबी घेऊन आला. नव्या टेपबरोबर एक छोटा रिमोट येतो ना, तो त्यानं उघडला होता आणि त्याच्या बटनांना आतून वायरी जोडल्या होत्या. स्टेअरिंगवर माणूस बटन दाबणार, डबी वजन ओळखणार आणि रिमोटचं तेच बटन आतल्या आत दाबणार. रिमोट आम्ही गिअरपुढच्या कप्प्यात टेपच्या डोळ्यासमोर चिकटवला. स्टेअरिंगच्या दोन वायरी न तोडता, नुसत्या सोलून, मी डबीला जोडल्या. ते दोन डाग माझे.

सुभेदार आत बसले. अंगठा ठेवला. आवाज वाढला. दुसऱ्या बटनावर ठेवला, कमी झाला. वाढव, कमी कर, वाढव, कमी कर, असं दहा मिनिटं चाललं. इब्राहिमभाई म्हणाले, "साहेब, बॅटरी उतरंल."

मालकांनी नारळ फोडला, पूजा केली, गाडी गेली. जाताना सुभेदारांनी मालकांना कडक सलाम केला. मी वायर गुंडाळत बसले होते.

*

पाचव्या दिवशी गाडी परत दारात. सुभेदारांचा चेहरा लाल.

ते पुण्याला निघाले होते. साताऱ्याकडच्या खंडाळ्याच्या आधीचा घाट लागला आणि कीर्तनाचा आवाज आपोआप वाढायला लागला. त्यांनी कमीचं बटन दाबलं, ऐकेना. पुढं वळण, मागं ट्रक, बाजूला दरी. उजवा हात सोडता येईना, डाव्यानं टेपचा गोल धरता येईना. अख्खा घाट त्यांनी पूर्ण आवाजात पार केला. खाली खंडाळ्यात गाडी थांबवून दार उघडलं तेव्हा चहाच्या टपरीवरची माणसं उठून उभी राहिलेली.

एक म्हातारा जवळ आला आणि म्हणाला, "आवं बाबा, कीर्तन झ्याक हाय. महाराज कुठं बसल्यात?"

आम्ही कुणी हसलो नाही. सुभेदारांनी पुढं सांगितलं ते असं, "वळणावर माझा अंगठा बटन हुडकत हुता. नजर खाली गेली. ट्रकवाल्यानं ब्रेक मारला म्हणून मी हितं हुबा हाय."



मालक लगेच म्हणाले, "डाग कच्चा राहिला असंल. हिचा."

*

मालकांनी माझे दोन्ही डाग तोडले आणि चष्मा न लावता स्वतःचे दिले. तरी तेच. टेप चालू केला की आवाज वर चढायचा. मग म्हणाले, हिनं मोजलंच चुकीचं. कांबळ्यानं डबी नेऊन तपासली आणि परत आणून दिली. "डबी चोख हाय वहिनी. आकडे तुमचे हुते." इब्राहिमभाई म्हणाले, "वहिनी, जाऊ द्या. आता वाती वळा. त्यात करंट नसतो."

मालकांनी सोल्डरगन वरच्या फळीवर ठेवली, माझा हात पोचत नाही तिथं. "आजपासनं गल्ल्यावर बसायचं. गाडीला हात लावायचा न्हाई. माणूस मरता मरता वाचलाय."

हे शेवटचं मला लागलं. कारण ते खरं होतं. रात्रंदिवस मनात एकच, खरंच माझा डाग असेल तर? एका हाताचा माणूस, भरवशानं आलेला. मी त्या दोन वायरी किती वेळा मनात सोलल्या आणि जोडल्या.

सुभेदारांनी डबी काढून ठेवायला लावली, गाडी आमच्या दारातच सोडली आणि आठ दिवसांनी येतो म्हणाले. "चूक कुणाची ते कळल्याबगर मी गाडी चालवणार न्हाई. आणि दुसऱ्याच्या गाडीला ही डबी बसवू देणार न्हाई."

*

गल्ल्यावर बसून माणसाला सगळं दिसतं. पलूसचा एकजण ट्रॅक्टरला टेप बसवायला आला. मालक दोन तास आत. टेप चालेना. मी गल्ल्यावरून म्हणाले, "फ्यूज बघा."

"तू गप."

अर्ध्या तासानं पलूसकर म्हणाला, "मालक, त्या बाई काय म्हणत्यात बघा तरी."

"तिला काय कळतंय?"

तास गेला. मालकांनी हळूच फ्यूज बदलला आणि टेप वाजला. पलूसकरानं जाताना मालकांना नमस्कार केला नाही, मला केला. म्हणाला, "आमच्यातबी असंच हाय. म्हस दूध देती आणि मी डेअरीत सही करतो."

*

आता शेवटचा.

आठ दिवसांनी सुभेदार आले ते डायरी घेऊनच. दुकानापुढं लोखंडी खुर्ची टाकली, डायरी मांडीवर. "कोर्ट ऑफ इन्क्वायरी," म्हणाले. कांबळे आला, इब्राहिमभाई आले.

"चूक कुणाची?"

मालक म्हणाले, "लिवा. अनुसया." हे माझं नाव. बायकोचं नाव घ्यायला पुरुषांना काही अडचण नसते.

सुभेदारांनी पेन्सिलीनं लिहिलं. मग माझ्याकडं वळले. "बाई, तुमाला काय म्हणायचंय?"

"मला मीटर पायजे."

मालक म्हणाले, "परत मीटर?" सुभेदारांनी नुसतं त्यांच्याकडं बघितलं. मालकांनी मीटर दिला.

मी बॅटरीची वायर काढली. स्टेअरिंगकडून येणाऱ्या त्या दोन वायरी सुट्या केल्या. आता ना डबी, ना टेप, ना माझा डाग, ना मालकांचा. नुसती बटनं आणि मीटर. मीटरच्या दोन सुया त्यांना लावल्या.

"साहेब, बटनाला हात लावू नका. नुसता काटा बघा."

काटा हलला आणि थांबला. आवाज वाढवायच्या जागेवर.

"कुणी बटन दाबलंय?" मी विचारलं.

कुणी दाबलं नव्हतं. कांबळ्यानं चष्मा काढला, पुसला, परत लावला. "वहिनी," तो म्हणाला, "बटन आतनं दाबलं गेलंय." आणि मग खाली मान घालून, "आकडे बरोबर हुते तुमचे."

"मग आतच बघायचं," मी म्हणाले.

मालक मधे आले. "जपानी गाडीचं स्टेअरिंग खोलायचं न्हाई!"

"खोला," सुभेदार म्हणाले.

बटनांची पट्टी मागून दोन स्क्रूंवर होती. मी ती उचलून उताणी केली आणि सगळ्यांसमोर सुभेदारांच्या डायरीवर ठेवली. रबराखाली लालभडक चिखल सुकला होता. कुंकू, हळद, आणि चिकट पाण्यानं घट्ट बसलेले तांदळाचे दोन दाणे. त्यातला एक बरोबर आवाज वाढवायच्या बटनाखाली.

आमच्या दुकानातून गेलेल्या प्रत्येक गाडीच्या स्टेअरिंगवर ते पाणी पडलं होतं. बाकीच्यांच्या स्टेअरिंगवर बटनं नव्हती, एवढंच.

इब्राहिमभाईंनी वास घेतला. "खोबरं," म्हणाले.

मी स्पिरिटचा बोळा घेतला, दाणे टाचणीनं काढले, रबर पुसलं, पट्टी वाळवली, परत बसवली. मग इब्राहिमभाईंनी न सांगता स्टूल आणलं, त्यावर चढून फळीवरची सोल्डरगन काढली आणि माझ्या हातात दिली. मी मालकांचे डाग काढून माझे दोन डाग दिले आणि डबी परत जोडली.

सुभेदार आत बसले. अंगठा ठेवला. आवाज वाढला, जिथं सोडलं तिथं थांबला. कमी केला, कमी झाला. त्यांनी डोळे मिटून घेतले, उजवा हात स्टेअरिंगवर तसाच ठेवून. गाडीत महाराज हळू आवाजात बोलत होते.

मी पायरीवर बसले. माझा डाग नव्हता. त्या घाटातल्या वळणावर माझा हात नव्हता.

सुभेदार खाली उतरले, खोडरबर काढलं आणि डायरीतलं 'अनुसया' पुसलं. बारीक बारीक कण फुंकून टाकले.

"आता सांगा," ते म्हणाले. "पाणी ओतलं कुणी?"

"मालकांनी," मी म्हणाले.

"रिपोर्टात हुद्दा चालत न्हाई बाई. नाव लागतं."

मालक सीट कव्हरच्या गठ्ठ्यात तोंड खुपसून काहीतरी शोधत होते. कांबळे छताकडं बघायला लागला. इब्राहिमभाई पुढं झाले. "साहेब, वहिनी नाव घेत न्हाईत. रेशन कार्डात बी चुकीचं हाय. मी सांगतो."

"थांबा, भाई," मी म्हणाले.

उठले. पदर सारखा केला. सोल्डरगन हातातच होती, अजून गरम.

"लिवा, साहेब. गणपत दौलू जगताप."